भाषा शिकायचं कॉलेज

रायपूर नव्या छत्तीसगढची राजधानी झालं तेव्हा मी बी.ए.ला होते. शहरात जिथे तिथे नव्या पाट्या लागत होत्या. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरायला लागलं होतं, भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत होत्या आणि तेलीबांध्याच्या तलावापलीकडे, जिथे आम्ही लहानपणी बोरं वेचायला जायचो, तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात होते. आमच्या रेल्वे कॉलनीत ज्या घरी बारावीच्या पुढचं पोर होतं, त्या प्रत्येक घरात एकच विषय होता. राज्य नवं, म्हणजे विभाग नवे, म्हणजे जागा नव्या.

माझे बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. फिटर म्हणून लागले आणि हळूहळू सुपरवायझर झाले. ते माझ्यासाठी पेपरमधली कात्रणं काढून ठेवायचे. लोकसेवा आयोग, बी.एड., कम्प्युटरचा डिप्लोमा. कात्रणाच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने शेवटची तारीख पुन्हा लिहिलेली असायची, कारण छापलेली बारीक तारीख माझ्या नजरेतून सुटेल अशी त्यांना भीती.

एका रविवारी दुपारी जेवताना मी सांगून टाकलं. "बाबा, मला भाषाविज्ञान शिकायचंय. आणि जमलं तर त्याच्यासोबत तौलनिक साहित्य."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला नाही, पण खाल्लाही नाही. "कोणती भाषा?"

"एक कोणती असं नाही. भाषा म्हणजे काय, ती चालते कशी, ते."

"म्हणजे इंग्लिश?"

"नाही."

"संस्कृत?"

"नाही, बाबा."

आता त्यांनी तो घास ताटात ठेवला. मग अगदी सरळपणे म्हणाले, "भाषा तर घरीच येते. तिच्यासाठी कॉलेज काहून लागते? मले समजून नाही राहिलं."

ते टोमणा मारत नव्हते. चाक का फिरत नाही हे जसं ते कारखान्यात विचारत असतील, तसंच त्यांनी मला विचारलं होतं. आई वरण वाढत होती. ती म्हणाली, "हव, हे मलाबी ऐकायचंय."

तो 'हव' इथला. बाबा अकोल्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. त्यांची मराठी तिकडची, 'मले' आणि 'तुले'ची. आईचं माहेर मात्र रायपूरचंच. तिचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इथे आले आणि इथलेच झाले. तिच्या घरात मराठी टिकली, पण शेजारपाजारच्या छत्तीसगढीत मुरून. आईच्या बोलण्यात 'हो' कधी आला नाही, 'हव'च आला. गल्लीला ती 'पारा' म्हणायची. माझा मोठा भाऊ सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात कामाला होता. त्याला मराठी सगळी समजायची, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा. एका ताटाभोवती चौघं बसलो की चार तऱ्हा असायच्या, आणि कोणाला कोणाचं काही अडायचं नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असंच असतं.

भाषेबद्दल शिकावं असं मला वाटायला लागलं ते आईच्या शाळेत.

आई अभनपूरच्या पुढच्या एका खेड्यात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने जायची. ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायची. अभनपूरला उतरून पुढे आई सायकल चालवायची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची माझी परीक्षा लवकर संपली, शाळा अजून चालू होत्या. त्या सुट्टीत शाळेतल्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आईवर दोन वर्ग येऊन पडले. तेव्हा मी महिनाभर तिच्यासोबत गेले. पहिलीच्या पोरांना मी सांभाळायचं आणि तिने वरच्या वर्गाला शिकवायचं असं ठरलं.

पहिलीत एक मुलगी होती. सहा वर्षांची असेल. ती वर्गात बोलतच नव्हती. रजेवर गेलेल्या बाईंनी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे 'मंद' असं लिहून ठेवलं होतं. मी तिला चित्रांचा तक्ता दाखवायचे, ती खाली बघायची. बाहेर आवारात मात्र तिची टकळी थांबायची नाही, हे मी पाहिलं होतं. आईला मी ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः तक्ता घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. 'क'पुढे कबुतराचं चित्र होतं. आईने चित्रावर बोट ठेवलं आणि हिंदीत नाही, छत्तीसगढीत विचारलं, हे काय आहे? मुलीने आधी चित्राकडे, मग आईकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "परेवा आय, दीदी."

परेवा म्हणजे कबूतर. मागे कधीतरी तिने हेच उत्तर दिलं असणार आणि ते चूक ठरलं असणार, कारण तक्त्यावर 'क' होता आणि तिचा शब्द 'प'ने सुरू होत होता. त्यानंतर तिने तोंडच उघडलं नव्हतं.

आईने वर्गाकडे वळून सगळ्यांना सांगितलं, "ही म्हणते परेवा. पुस्तक म्हणतं कबूतर. आणि मी घरी काय म्हणते माहीत आहे? पारवा. तिन्ही बरोबर आहेत." मग तिने खडूने फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले. परेवा, पारवा, कबूतर.

ती मुलगी फळ्याकडे बघत राहिली. मग उठली, फळ्याजवळ गेली आणि आपल्या शब्दावर बोट ठेवलं. "आमच्या घरीही परेवा आहे," असं ती तिच्या भाषेत म्हणाली. त्यानंतर तिला गप्प बसवणं हेच काम झालं.

परतीच्या गाडीत मी आईला विचारलं, "आई, परेवा आणि पारवा एकच शब्द आहे का? एकाचाच दुसरा झाला का?"

"असेल," आई म्हणाली. "मला कुठं माहीत. मला इतकंच माहीत की ती पोट्टी मंद नाही."

मला मात्र त्या प्रश्नाने पछाडलं. गाडीत, बाजारात, कॉलनीत मी शब्द ऐकायला लागले. बाबा म्हणायचे 'मले', आईच्या शाळेतली पोरं म्हणायची 'मोला'. गोष्टींचंही तसंच. बाबा मला कोल्ह्याची आणि मगरीची गोष्ट सांगायचे, त्यात कोल्हा मगरीला फसवून पळून जायचा आणि गोष्ट संपायची. शाळेतल्या पोरांच्या गोष्टीत तोच कोल्हा पळाल्यावर नदीकाठी परत यायचा, कारण त्याला तहान लागायची आणि पाणी तर मगरीच्याच नदीत. गोष्ट तीच, पण एकीत शहाणपण जिंकत होतं आणि दुसरीत नदी. हे असं का होतं, हे कोणाला विचारायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. एकदा तासानंतर मी त्यांना हे सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझे दोन प्रश्न आहेत. शब्दांचा आहे तो भाषाविज्ञानाचा, गोष्टींचा आहे तो तौलनिक साहित्याचा. दोन्ही विषय शिकवले जातात. तू काही जगावेगळं विचारत नाहीस."

जगावेगळं नाही, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आपल्या मनातल्या गोष्टीला आधीपासूनच नाव आहे आणि ते नाव कुठल्या तरी इमारतीच्या दारावर लिहिलेलं आहे, हे कळणं म्हणजे अर्धा प्रवेश मिळाल्यासारखंच होतं.

मॅडमनी मला माहितीपुस्तिका मागवायला शिकवलं. त्या पोस्टाने यायच्या, खाकी पाकिटांत. मी त्या वाचून पाठ केल्या. आमच्याच रायपुरात भाषाविज्ञान शिकता येत होतं आणि ती सोय मोठी होती, घरी राहून, सायकलने जाऊन. पुण्याला एका नावाजलेल्या विभागात ते शिकवलं जात होतं आणि पुण्याला माझी मावशी होती. आणि हैदराबादला एका विद्यापीठात अशी सोय होती की भाषाविज्ञानात एम.ए. करताना तौलनिक साहित्याचे पेपर घेता येत होते. तिथे आमचं कोणी नव्हतं.

मी त्या पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून अभ्यासक्रम तुलना करून वाचायचे. इमारतीचे फोटो मी बघितले नाहीत. प्रत्येक पेपरचं नाव वाचून स्वतःला विचारायचे, या पेपरात माझा प्रश्न बसेल का? रायपुरात अर्धा बसत होता. पुण्यातही अर्धाच. मॅडम म्हणाल्या, "कॉलेज चांगलं की वाईट हे लोक सांगतील. तुला काय विचारायचंय ते तिथे विचारू देतात का, हे मात्र तूच बघायचंस." मी ठरवलं की पुणे आणि हैदराबाद, दोन्ही ठिकाणी जाऊन, मुलाखत देऊन, डोळ्यांनी बघायचं.

पुण्याला बाबा सोबत आले. रेल्वेचा पास होता, त्यांनी रजा टाकली. स्लीपरच्या डब्यात ते खिडकीतून प्रत्येक मालगाडीच्या चाकांकडे बघत आले आणि कुठल्या वॅगनला काय दुखणं आहे ते मला सांगत आले. फार खुशीत होते. मुलीला शिकायला पुण्याला घेऊन चाललोय, हे त्यांनी समोरच्या बाकावरच्या माणसाला तीनदा सांगितलं.

मावशीच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा तिच्या शेजारच्या बाई चहाला आलेल्या होत्या. बाबांनी त्यांना प्रवासाचं सांगितलं, गाडी कशी उशिरा येऊन राहिली होती वगैरे. त्या बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही मराठीच ना? नाही, बोलण्यावरून वाटलं नाही."

"मराठीच," बाबा म्हणाले.

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर दोन दिवस बाबा पुण्यात परक्यांशी मराठी बोललेच नाहीत. रिक्षावाल्याशी हिंदी, दुकानदाराशी हिंदी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इथं माह्यी मराठी बोललो का लोक तोंडाकडे पाह्यतात. हिंदी बोललो का काम करतात."

विभाग मात्र चांगला होता हे मी खोटं सांगणार नाही. ग्रंथालयात पाऊल ठेवल्यावर मला तिथून निघावंसं वाटेना. मुलाखत घेणाऱ्या सरांनी मला चांगले प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं पूर्ण ऐकून घेतली. शेवटी आपुलकीने म्हणाले, "तुमची निवड व्हायला हरकत दिसत नाही. फक्त मराठी जरा सुधारून घ्या, लिहिताना अडचण येते." मी मान डोलावली. साहित्याच्या बाजूचं विचारलं तर तो विभाग वेगळा, दोन्ही एकत्र घेता येणार नव्हतं.

परत येताना बाबा म्हणाले, "जागा बरी आहे. मावशी आहे. इथंच घेऊन टाक." ते मनापासून म्हणत होते, माझ्या काळजीने. पण नागपूर येईपर्यंत त्यांनी एकाही मालगाडीचं दुखणं मला सांगितलं नाही. नागपूरच्या फलाटावर चहावाल्याला त्यांनी हाक मारली, "दोन दे रे, अन् आल्याचा दे," तेव्हा पुण्यानंतर पहिल्यांदा मी त्यांचा खरा आवाज ऐकला.

हैदराबादला जायची वेळ आली तेव्हा बाबांची रजा संपली होती. आई म्हणाली, "मी जाते." आईने अशी सलग रजा कधी घेतलेली मला आठवत नव्हती. तिने शाळेत अर्ज दिला, दुसऱ्या बाईंच्या मदतीला म्हणून वरच्या वर्गातल्या पोरांना पहिलीच्या पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही निघालो. तिच्यासाठी एवढा लांबचा हा पहिलाच प्रवास होता. वाटेत स्टेशनांच्या पाट्यांवरची लिपी बदलली तेव्हा ती खिडकीशी सरकली आणि बराच वेळ ती गोल गोल अक्षरं बघत राहिली. "बघ," ती म्हणाली, "पहिलीच्या पोरांना फळा असाच दिसत असेल."

विद्यापीठ शहराबाहेर होतं. मोठमोठे काळे दगड, मधून मधून झाडं, आणि दगडांच्या मध्ये इमारती. मुलाखतीला आलेली मुलं बाहेर बाकांवर बसली होती. आई माझ्याजवळ बसली, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. माझं नाव पुकारल्यावर मी एकटीच आत गेले.

आत तिघे होते. मधोमध एक वयस्क प्राध्यापिका, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. इंग्रजीत सुरुवात झाली. मी पुस्तिकेतून पाठ केलेलं बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि हिंदीत विचारलं, "हे राहू दे. तुला हा विषय कुठे भेटला?"

मग मी शाळेचं सांगितलं. ती गप्प मुलगी, तक्ता, 'क', परेवा. फळ्यावरचे तीन शब्द. सांगताना मी कुठल्या भाषेत सांगतेय याचं भान मला राहिलं नाही. थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत, मधले शब्द जसे होते तसे. तिघांपैकी कोणी लिहीत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते.

"तिन्ही बरोबर आहेत असं वर्गाला कोणी सांगितलं? तू?"

"नाही. माझ्या आईने."

"आई कुठे असते?"

"बाहेर बसलीय."

त्यांनी शिपायाला सांगून आईला आत बोलावलं. आई पिशवी घेऊनच आत आली, नमस्कार केला आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसली. त्यांनी तिला विचारलं, वर्गात किती भाषा आहेत?

आई म्हणाली, "मुलांची छत्तीसगढी, पुस्तकाची हिंदी आणि माझी मराठी. तीन भाषा एका खोलीत, आणि खोलीला दार एकच."

मग त्या विचारत गेल्या आणि आई सांगत गेली. कुठले आवाज मुलांना जमत नाहीत, कुठल्या शब्दांवर ती अडतात, तिने चित्रांच्या तक्त्यावर कागद चिकटवून दुसरे शब्द कसे लिहिले, तपासायला आलेल्या साहेबांनी ते कागद काढायला लावले तेव्हा तिने ते काढले आणि साहेब गेल्यावर पुन्हा कसे लावले. बाकीचे दोघे पुढे सरकून ऐकत होते. माझी मुलाखत चालू आहे हे बहुधा तिघंही विसरले होते. मी आईकडे बघत होते. घरी वरण वाढणारी, गाडी चुकेल म्हणून पोळी हातात घेऊन धावणारी माझी आई, त्या खोलीत सगळ्यांत जास्त जाणणारी होती आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं. माझी निवड होवो न होवो, मला आता काही फरक पडत नव्हता.

शेवटी आईनेच त्यांना विचारलं, "एकोणीस वर्षं मी हे काम करतेय. मला माहीत नाही असं काय तुम्ही हिला इथे शिकवणार?"

मी जमिनीकडे बघितलं. प्राध्यापिका मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे माहीत आहे ते तुमच्या शाळेबाहेर कोणाला माहीत नाही. ते इतरांना पटेल असं मांडून कसं दाखवायचं, ते आम्ही शिकवू."

आई म्हणाली, "मग ठीक आहे."

बाहेर आल्यावर आम्ही एका दगडावर बसून डबा खाल्ला. दशम्या आणि चटणी. आईने डबा बंद केला. मग म्हणाली, "मी काही जास्त तर नाही बोलले?"

"नाही," मी म्हणाले. डबा धुवायला मी तिच्या हातातून घेतला.

दोन्हीकडची पत्रं एकाच आठवड्यात आली. दोन्हीकडे निवड झाली होती. रविवारी सकाळी अंगणात खाटेवर बाबा ती दोन्ही पत्रं घेऊन बसले. भाऊ पाळी संपवून नुकताच सिलतऱ्याहून आला होता, त्याच्या कॉलरवर लोखंडाची काळी भुकटी होती.

"हैदराबादले कोण आहे आपलं?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही," आई म्हणाली.

"मंग?"

"इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही, बाई तू वर्गात काय करते म्हणून. तिथं विचारलं."

बाबांनी हैदराबादचं पत्र पुन्हा उघडलं. भाऊ बूट काढता काढता म्हणाला, "जाने दो ना, बाबा. यहाँ सब तो इंजीनियर बन रहे हैं. एक तो हो घर में जो बता सके कि हम लोग बोल क्या रहे हैं."

बाबांना हसू आलं. मग त्यांनी मला विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात पहिल्यांदा असं होतं की मी सांगेन तेच होणार. "तुले काय वाटते? पुण्याले बोलणं सुधरवा म्हणाले. तिकडे काय म्हणाले?"

"तिकडे काही सुधारा म्हणाले नाहीत. मी जसं बोलले तसंच ऐकून घेतलं."

बाबांनी पुण्याचं पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. फेकलं नाही, नीट ठेवलं. हैदराबादचं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "फार्म भर. अक्षर चांगलं काढ."

मी फॉर्म भरला. 'मातृभाषा' असा एक रकाना होता. त्यात आधी मी नुसतं 'मराठी' लिहिलं. मग त्याच्यापुढे उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'रायपूरची'. त्या एका शब्दाचा मला किती अभिमान वाटला हे आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी तो कागद आईला दाखवायला स्वयंपाकघरात पळत गेले होते.

हैदराबादला पहिले दोन महिने मला जड गेले. जेवण जड गेलं, इंग्रजी जड गेली, पुस्तकं तर फारच. मग एक तास असा सुरू झाला ज्यात एखाद्या बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून, त्याची भाषा ऐकत, विचारत, लिहून काढत शिकायचं असतं. वर्गातल्या बाकी कोणालाच येत नसलेली बोली हवी होती. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी मला पुढच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि वर्गाला म्हणाल्या, "या सत्रात आपण हिच्या वडिलांची भाषा शिकणार आहोत." तेलुगू बोलणारी, मल्याळम बोलणारी, ओडिया बोलणारी माझ्या वर्गातली मुलं वह्या उघडून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी 'मले' म्हणाले. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

हिवाळ्यात बाबा मला भेटायला आले. रजईची वळकटी आणि आईने दिलेले तिळाचे लाडू घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तास होता आणि आम्ही एका जागी अडलो होतो. 'करते' आणि 'करून राहिला' यांत नेमका फरक काय, हे मी मुलांना सांगत होते, पण मलाच ते नीट मांडता येत नव्हतं. बाईंना कळलं की बाबा आलेत. त्यांनी त्यांना वर्गात बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट घातलेले माझे बाबा खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांना प्रश्न हिंदीत समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकला आणि कारखान्यातल्या नव्या माणसाला समजावतात तसे बोलले.

"पाहा. 'तो चाक काढते' म्हणजे त्याचं कामच ते आहे. रोजचं. त्यात भ्यायचं काही कारण नाही. पण 'तो चाक काढून राहिला' असं कोणी म्हणालं, तर तिकडे जाऊ नका. चाक आता निघून राहिलं आहे. अंगावर येईन."

मी ते हिंदीत सांगितलं. वर्ग हसला आणि मग एकदम सगळे लिहायला लागले. बाईंनी ती दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. एका मल्याळी मुलाने ते वाक्य म्हणून बघितलं आणि 'राहिला' चुकीचा म्हणाला. बाबांनी त्याला थांबवलं, पुन्हा म्हणून दाखवलं. तो पुन्हा चुकला. बाबांनी पुन्हा म्हटलं, घाई न करता, आणि तिसऱ्यांदा त्याला जमलं तेव्हा मान हलवून म्हणाले, "आता बरोबर." पूर्ण तासभर ते तिथे बोलले. पुण्यात दोन दिवस मराठी टाळणारा माणूस तो हाच, असं कोणी सांगितलं असतं तर त्या वर्गाला खरं वाटलं नसतं.

जिना उतरताना ते काहीतरी मनात मोजत होते. खाली आल्यावर म्हणाले, "हा वर्ग पुन्हा केव्हा आहे?"

"गुरुवारी."

"माह्यी गाडी तर उद्याची आहे," ते म्हणाले. झाडाखाली क्षणभर उभे राहिले, शर्टाच्या खिशातून पास काढून बघितला, पुन्हा खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "तू जेवून घे," आणि बस पकडून स्टेशनवर गेले. संध्याकाळी परत आले ते परतीचं आरक्षण शुक्रवारचं करून.